‘आमच्याकडे तेराच्या आतलं कुणी नाही’: यूट्यूब आणि मुलांच्या माहितीचं प्रकरण

एकाच कंपनीची दोन विधानं शेजारी ठेवून सुरुवात करतो.

पहिलं विधान गूगलने मॅटेलला दाखवलेल्या सादरीकरणातलं. मॅटेल म्हणजे बार्बी आणि हॉट व्हील्सवाली खेळणी कंपनी. ६ ते ११ वर्षांच्या मुलांपर्यंत पोचण्यात यूट्यूब आज सर्वांत पुढे आहे, आघाडीच्या टीव्ही वाहिन्यांशी तुलना केली तरीही, असा त्याचा आशय. हॅस्ब्रो या दुसऱ्या बड्या खेळणी कंपनीला तर सांगितलं होतं की मुलं नेमाने जातात अशा संकेतस्थळांत पहिला नंबर यूट्यूबचाच.

दुसरं विधान गूगलच्याच एका कर्मचाऱ्याने एका जाहिरात कंपनीला दिलेल्या उत्तरातलं. यूट्यूबवर १३ वर्षांखालचे वापरकर्ते नाहीत, हे सर्वसाधारण प्रेक्षकांचं ठिकाण आहे, इथे मुलांसाठीचं चॅनेल असं काही नाही, त्यामुळे मुलांची ऑनलाइन माहिती जपणाऱ्या कायद्याचं पालन करण्याची गरज नाही.

दोन्ही विधानं एकाच तक्रारअर्जात आहेत. ग्राहकांचं हित पाहणारा अमेरिकेचा सरकारी आयोग फेडरल ट्रेड कमिशन, पुढे एफटीसी म्हणू, आणि न्यूयॉर्क राज्याचे ॲटर्नी जनरल या दोघांनी मिळून गूगल आणि यूट्यूबविरुद्ध तो केला. ४ सप्टेंबर २०१९ ला तक्रार आणि तडजोड एकदमच जाहीर झाली. रक्कम १७ कोटी डॉलर, तेव्हाच्या दराने साधारण बाराशे कोटी रुपये. बातम्या रकमेच्या झाल्या आणि ते साहजिकच होतं, कारण त्या कायद्याखाली तोवर एवढी रक्कम कुणी भरली नव्हती. आधीचा उच्चांक त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतला. म्युझिकली, म्हणजे आजचं टिकटॉक, ५७ लाख डॉलरवर सुटलं होतं. यूट्यूबची रक्कम त्याच्या जवळपास तीसपट.

मला मात्र हे प्रकरण रकमेपेक्षा एका क्रियापदासाठी अभ्यासण्यासारखं वाटतं. ‘माहीत असणं’. समोर मूल आहे हे कुणाला माहीत होतं, ते कुणी कुणाला सांगायचं, आणि न सांगण्यात कुणाचा फायदा होता, एवढ्याभोवती हे सगळं फिरतं.

किड्सकॅशपासून कुकीपर्यंत

या कायद्याचं पूर्ण नाव चिल्ड्रन्स ऑनलाइन प्रायव्हसी प्रोटेक्शन ॲक्ट. सगळे कोपा म्हणतात. त्याचं मूळ १९९६ मधल्या एका तक्रारीत आहे. किड्सकॉम नावाचं मुलांचं संकेतस्थळ होतं. ते मुलांकडून प्रश्नावल्या भरून घ्यायचं आणि बदल्यात ‘किड्सकॅश’ नावाचे गुण द्यायचं. गुण साठले की बक्षीस. मुलाला वाटायचं खेळ चाललाय. पलीकडे त्याची उत्तरं बाजार संशोधनाचा माल म्हणून गोळा व्हायची. सेंटर फॉर मीडिया एज्युकेशन या संस्थेने एफटीसीकडे तक्रार नेली. पुढे १९९८ मध्ये एफटीसीने मुलांची २१२ संकेतस्थळं तपासली, तर त्यांतली ८९ टक्के वैयक्तिक माहिती घेत होती आणि पालकांच्या हाती काही नियंत्रण देणारी १० टक्केसुद्धा नव्हती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कायदा झाला आणि २१ एप्रिल २००० पासून नियम लागू झाले.

कायद्याचा गाभा साधा आहे. १३ वर्षांखालच्या मुलाची वैयक्तिक माहिती घ्यायची तर आधी पालकाला कळवा, त्याची पडताळता येईल अशी संमती घ्या, आणि मागितलं तर ती माहिती दाखवा, पुसा. पण हे बंधन दोघांवरच येतं. एक, ज्याची सेवा मुलांसाठीच आहे तो. दुसरा, ज्याची सेवा सगळ्यांसाठी आहे पण समोर मूल आहे हे ज्याला प्रत्यक्ष माहीत आहे तो. ‘प्रत्यक्ष माहीत’ हे शब्द नीट लक्षात ठेवा. ‘माहीत असायला हवं होतं’ असं कायदा म्हणत नाही.

वैयक्तिक माहिती म्हणजे काय, तर सुरुवातीला नाव, पत्ता, फोन, ईमेल असंच काहीसं. १९९८ साली जगच तेवढं होतं. २०१३ मध्ये एफटीसीने नियमांची व्याख्या रुंदावली. फोटो, आवाज, ठावठिकाणा यांच्या जोडीला त्यात कुकीसारखी, फोनला वा संगणकाला कायम चिकटणारी ओळखचिन्हंही आली. आपलं प्रकरण या शेवटच्या भरीवर उभं आहे, म्हणून तिथे जरा थांबतो.

माझी भाची अडीच वर्षांची आहे. तिला वरणभात भरवायचा असला की ताई स्वतःचा फोन वाटीला टेकवून उभा करते आणि बडबडगीतं लावते. खातं ताईचं, फोन ताईचा. मुलीचं नाव कुठेही लिहिलेलं नाही. तरी त्या फोनमध्ये एक क्रमांक बसलेला असतो, आणि त्या क्रमांकाखाली नोंदी साठत जातात: सकाळी साडेनऊला बेडकाचं गाणं, नंतर बदकाचं, मग पुन्हा बेडकाचं, मग खेळण्याचा खोका उघडून दाखवणारा व्हिडिओ सात मिनिटं. नावाची गरजच काय? पुढच्या वेळी कुठली जाहिरात दाखवायची हे ठरवायला एवढं भरपूर आहे. जाहिरातीच्या धंद्यात याला वर्तनाधारित जाहिरात म्हणतात. तुम्ही काय बघता यावर नजर ठेवून त्यातून तुमच्यापुरती जाहिरात निवडायची. बडबडगीताशेजारी सरसकट बिस्किटाची जाहिरात लावली तर ती वेगळी गोष्ट, त्यासाठी कुणाचा माग काढावा लागत नाही. कोपाला हरकत आहे ती माग काढण्याला, तीसुद्धा पालकाला न विचारता काढला तर.

यूट्यूबने २०१९ पर्यंत मुलांच्या चॅनेलांवरही हा माग काढला आणि त्यावर जाहिराती विकल्या, हा तक्रारीचा मुख्य आरोप. अर्जात नावानिशी दिलेल्या मोजक्या चॅनेलांवर या प्रकारच्या जाहिरातींतून झालेली कमाईच पाच कोटी डॉलरच्या घरात होती. त्या यादीत मॅटेल आणि हॅस्ब्रोची खेळण्यांची चॅनेलं होती, कार्टून नेटवर्क होतं.

जत्रेचं मैदान

यूट्यूबचा बचाव समजून घ्यायला आपल्याकडची जत्रा डोळ्यांसमोर आणा. मैदान एकाचं, दुकानं पन्नास जणांची. पाळणेवाला वेगळा, फुगेवाला वेगळा, भांड्यांचं दुकान वेगळं. मैदानमालक म्हणतो, मी फक्त जागा देतो. जत्रा सगळ्यांची. कोण पाळण्यात बसतं आणि कोण तवा घेतं, मला काय ठाऊक?

कायद्याच्या भाषेत हा बचाव अगदीच पोकळ नव्हता. सगळ्यांसाठीच्या व्यासपीठाने आपल्याकडे येणारं एकेक चॅनेल उघडून ते मुलांचं आहे का हे तपासावं, असं कोपा सांगत नाही. तिऱ्हाइताला, म्हणजे दुसऱ्याच्या जागेवर माग काढणाऱ्याला, जबाबदार धरायचं तर ती जागा मुलांची आहे हे त्याला प्रत्यक्ष माहीत होतं असं दाखवावं लागतं. एफटीसीने इथे चतुर मांडणी केली. यूट्यूब हे अखंड एक संकेतस्थळ न धरता त्यावरचं प्रत्येक चॅनेल हीच एक स्वतंत्र ऑनलाइन सेवा मानली. बार्बीचं चॅनेल म्हणजे मुलांचं दुकान, आणि यूट्यूब म्हणजे त्या दुकानात उभं राहून गिऱ्हाइकांच्या नोंदी घेणारा तिऱ्हाईत. मग प्रश्न एवढाच उरला: दुकान मुलांचं आहे हे मैदानमालकाला ठाऊक होतं का?

ठाऊक असल्याचा पुरावा त्याच्याच कागदांत निघाला. खेळणी कंपन्यांना केलेली भलावण वर आलीच. हा पाळणेवाल्याला ‘एवढी पोरं दुसऱ्या मैदानात मिळणार नाहीत’ असं सांगून भाडं ठरवणारा मालक झाला. शिवाय काही चॅनेलवाल्यांनी स्वतःहून कळवलं होतं की आमचं चॅनेल मुलांसाठी आहे. शिवाय यूट्यूबची स्वतःची वर्गवारी होती. व्हिडिओंना वयोगटाची खूण दिली जायची आणि त्यात एक खूण चक्क सात वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीची होती.

सगळ्यांत बोलका पुरावा यूट्यूब किड्सचा. हे मुलांचं वेगळं ॲप कंपनीने २०१५ मध्ये आणलं, आणि त्यात माग काढून केलेल्या जाहिराती नव्हत्या. त्या ॲपच्या पहिल्या पानावर काय दाखवायचं हे कंपनीची माणसं निवडायची, आणि निवडायची कुठून, तर मुख्य यूट्यूबवरच्या याच चॅनेलांतून. म्हणजे तोच व्हिडिओ एका दाराने गेलात तर मुलांचा, माग न काढता दाखवायचा. आणि दुसऱ्या दाराने गेलात तर सर्वसाधारण प्रेक्षकांचा, कुकीसकट. मुलांच्या ॲपसाठी हाताने वेचून घेतलेल्या व्हिडिओबद्दल ‘हा मुलांचा आहे हे आम्हाला माहीत नव्हतं’ असं कुठल्या तोंडाने म्हणणार?

ही चौकशी आपोआप सुरू झाली नव्हती हेही नोंदवलं पाहिजे. एप्रिल २०१८ मध्ये कॅम्पेन फॉर अ कमर्शियल-फ्री चाइल्डहुड आणि सेंटर फॉर डिजिटल डेमोक्रसी या संस्थांनी वीसहून अधिक संघटनांना सोबत घेऊन एफटीसीकडे तक्रार दिली होती. कोपाखाली सामान्य पालकाला स्वतः दावा लावता येत नाही. तो अधिकार एफटीसीला आणि राज्यांच्या ॲटर्नी जनरलना. त्यामुळे संस्थांनी दार ठोठावत राहायचं आणि आतून कधी उघडतंय त्याची वाट पाहायची, अशीच तिथली रीत आहे.

अकरा तासांचा दंड

तडजोडीतल्या १७ कोटींपैकी १३ कोटी ६० लाख एफटीसीकडे आणि ३ कोटी ४० लाख न्यूयॉर्ककडे. खटला उभा राहिलाच नाही. साक्षी नाहीत, उलटतपासणी नाही, न्यायालयाने ‘प्रत्यक्ष माहीत’चा अर्थ लावला असंही नाही. कायद्याच्या विद्यार्थ्याला हळहळ वाटावी अशी ही जागा आहे, कारण चॅनेल हीच स्वतंत्र सेवा ही मांडणी वरच्या न्यायालयात टिकली असती की नाही, हे तपासायची संधी गेली.

रक्कम मोठी की लहान? गूगलची पालक कंपनी अल्फाबेट हिची २०१८ ची उलाढाल १३,६८० कोटी डॉलर होती. भागाकार करून पाहा, १७ कोटी म्हणजे साधारण अकरा तासांची उलाढाल. सकाळी दुकान उघडलं आणि दिवेलागणीपर्यंत दंडाचे पैसे गल्ल्यात आले. (उलाढाल म्हणजे नफा नव्हे, हे मान्य. पण शिक्षेची झळ किती, याचा अंदाज यायला हरकत नाही.)

एफटीसीच्या पाच आयुक्तांतही यावर एकमत नव्हतं. तडजोड तीन विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाली. विरोधात गेलेले रोहित चोप्रा यांचं म्हणणं होतं की गूगलने बालगीतं आणि कार्टून दाखवून मुलांना गळाला लावलं, २०११ पासून खासगीपणाच्या उल्लंघनाबद्दल कंपनीवर झालेली ही तिसरी कारवाई आहे, तरी ना कुणा अधिकाऱ्यावर वैयक्तिक जबाबदारी येते, ना गैरमार्गाने मिळवलेल्यापेक्षा पुरेसं जास्त परत जातं. रिबेका स्लॉटर यांचा आक्षेप वेगळा होता आणि मला तो जास्त दूरदृष्टीचा वाटतो. चॅनेलवाल्यांनी खोटं सांगितलं तर काय? ते पकडणारी तांत्रिक व्यवस्था ठेवण्याचं बंधन तडजोडीच्या आदेशात का नाही?

तडजोडीच्या बाजूने असलेल्यांचा मुद्दाही सोडून देण्याजोगा नव्हता. अध्यक्ष जो सायमन्स आणि त्यांचे सहकारी म्हणत होते की चॅनेल मुलांचं आहे का हे विचारून घेण्याची व्यवस्था उभारणं कायद्याने कुठल्याच व्यासपीठावर बंधनकारक नाही. खटला जिंकूनही ते मिळालं नसतं, तडजोडीने मिळालं.

मिळालं ते काय, तर प्रश्न विचारणारी एक चौकट. मैदानमालकाने आता प्रत्येक दुकानदाराला विचारायचं: तुझं दुकान पोरांचं आहे का?

सांगलीत बसून वॉशिंग्टनच्या रकान्यावर टिचकी

ज्याने कुणी २०१९ च्या अखेरीपासून यूट्यूबवर काही चढवलं आहे, त्याने ही चौकट पाहिली आहे. नाव टाका, वर्णन टाका, खाली विचारतात: हा व्हिडिओ मुलांसाठी बनवलेला आहे का? हो किंवा नाही. मधलं काही नाही. उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सांगलीत घरच्या गच्चीवर उभं राहून पावसाचं बडबडगीत चित्रित करणाऱ्या बाईलाही ती भरावी लागते, कारण यूट्यूबने हा बदल अमेरिकेपुरता न ठेवता जगभर लागू केला. अमेरिकी संसदेने १९९८ मध्ये केलेल्या कायद्याचं पालन ती करते आहे, हे तिला सांगितलं तर ती हसेल.

‘हो’ म्हटलं की काय होतं? जानेवारी २०२० पासून त्या व्हिडिओवर माग काढून केलेली जाहिरात बंद. खालच्या प्रतिक्रिया बंद, सूचनांची घंटा बंद. आणि तो बघणारा कुणीही असो, साठीचे आजोबा असोत, त्यांची माहिती मुलाचीच समजून हाताळायची. हे शेवटचं कलम मला पटतं. ताईच्या फोनवर भाची बसली आहे की ताई, हे कुणाला कळणार? मग बघणाऱ्याचं वय शोधत बसण्यापेक्षा बघितल्या जाणाऱ्या वस्तूवरून ठरवा. पालकाची संमती मिळवण्याच्या कटकटीत न पडता कंपनीने माहिती घेणंच थांबवलं. संमतीच्या कायद्याचा असा परिणाम व्हावा, हे गमतीचं आणि एका परीने चांगलंच.

पण पैशाचं काय? माग काढून केलेल्या जाहिरातीला साध्या जाहिरातीपेक्षा दर जास्त. ती गेली की चॅनेलवाल्याचं उत्पन्न घटणार. कंपनीने मुलांच्या कार्यक्रमांसाठी तीन वर्षांत १० कोटी डॉलरचा निधी जाहीर केला, पण तो सरसकट वाटण्याचा नव्हता. आणि ‘नाही’ म्हणावं तर दुसरी भीती. चुकीचं उत्तर दिलं तर एकेका उल्लंघनाला ४२,५३० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, हा आकडा २०१९ च्या नोव्हेंबरात चॅनेलवाल्यांमध्ये वणव्यासारखा पसरला. बाहुल्या जमवणारे प्रौढ, माइनक्राफ्ट खेळून दाखवणारे, हस्तकला शिकवणारे, मोठ्यांसाठी व्यंगचित्रपट करणारे, सगळे हवालदिल. माझा व्हिडिओ मुलांसाठी ‘आहे’ की मुलं तो ‘बघतात’? नियमात एकच कसोटी नाही. विषय, चित्रं, संगीत, पात्रं, भाषा, दिसणाऱ्या माणसांची वयं, असं बरंच काही एकत्र तोलायचं. नियमांचा फेरविचार तेव्हा चालूच होता. त्यावर एफटीसीकडे पावणेदोन लाखांहून जास्त सूचना आल्या.

इथे जबाबदारी कशी सरकली ते बघा. ज्याच्याकडे सगळी माहिती होती, ज्याने त्या माहितीवर कमावलं, तो आता विचारणारा झाला. आणि ज्याच्याकडे वकील नाही, आकडेवारी नाही, तो उत्तर देणारा. ‘मला माहीत नव्हतं’ म्हणण्याची मैदानमालकाची सोय गेली खरी, पण तिच्या जागी ‘मला त्याने सांगितलं नव्हतं’ ही नवी सोय आली. निष्पक्षपणे सांगायचं तर यूट्यूबने आदेशापलीकडे जाऊन मुलांचे व्हिडिओ यंत्राने ओळखण्याची व्यवस्थाही उभी केली आणि चुकीच्या खुणा स्वतः बदलल्याही. पण आदेशाने ते मागितलं नव्हतं.

डिस्ने सापडतं

स्लॉटर यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर यायला सहा वर्षं लागली, आणि ते गच्चीवरच्या बडबडगीतवालीकडून आलं नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये डिस्नेने एफटीसीशी एक कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. आरोप असा की डिस्ने प्रत्येक व्हिडिओला वेगळी खूण देण्याऐवजी अख्ख्या चॅनेलला एकच खूण लावत असे. चॅनेलची खूण ‘मुलांसाठी नाही’ अशी असली की त्यावर चढवलेला मुलांचा व्हिडिओही आपोआप ‘मुलांसाठी नाही’ ठरायचा आणि माग काढणाऱ्या जाहिराती चालू राहायच्या. तक्रारीनुसार २०२० च्या मध्यावरच यूट्यूबने डिस्नेला कळवलं होतं की तुमच्या तीनशेहून अधिक व्हिडिओंच्या खुणा आम्ही बदलल्या आहेत. त्यांत फ्रोझन आणि टॉय स्टोरीतली दृश्यं होती. फ्रोझन मुलांसाठी आहे की नाही, याबद्दल ज्यांना शंका पडू शकते असे जगात फार थोडे लोक असावेत, आणि डिस्नेत तर कुणीच नसावं. तरीही चॅनेलची पद्धत बदलली नाही, असा ठपका.

म्हणजे २०१९ मध्ये घाबरले छोटे, आणि सापडलं सगळ्यांत मोठं. मोठ्या कंपनीत ‘माहीत असणं’ कसं हरवतं याचा हा नमुना आहे. व्हिडिओ बनवणाऱ्याला माहीत असतं, चढवणाऱ्याच्या समोरचा रकाना आधीच भरलेला असतो, आणि कायदा बघणारा तिसऱ्या मजल्यावर.

यूट्यूबमागचा ससेमिराही पूर्ण सुटलेला नाही. मुलांच्या व्हिडिओंवर अजून लक्ष्य साधून जाहिराती दिसतात असा आरोप २०२३ मध्ये झाला. कंपनीने तो नाकारला. पालकांनी राज्यांच्या कायद्यांखाली लावलेल्या सामूहिक दाव्यात २०२५ मध्ये तीन कोटी डॉलर द्यायचं ठरलं, चूक मान्य न करता. कोपाचे सुधारित नियम जानेवारी २०२५ मध्ये मंजूर झाले. आता मुलाची माहिती तिऱ्हाइताला द्यायची तर पालकाची वेगळी संमती लागते, आणि माहिती अनंतकाळ साठवून ठेवता येत नाही. पण ‘प्रत्यक्ष माहीत’ हे दोन शब्द मूळ कायद्यातले आहेत. ते बदलायचे तर अमेरिकी संसदेनेच बदलायला हवेत, आणि तिथे विधेयकं येतात आणि रेंगाळतात.

आपल्याकडची ‘सी’

भारताच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याला ११ ऑगस्ट २०२३ ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून, लागू व्हायची आहेत. मुलांचं कलम नववं. कोपाशेजारी ठेवलं तर दोन गोष्टी लगेच डोळ्यात भरतात. मूल म्हणजे १८ वर्षांखालचं, १३ नव्हे. आणि मुलांचा माग काढणं, त्यांच्या वागण्यावर नजर ठेवणं, त्यांना लक्ष्य करून जाहिरात करणं यांवर थेट बंदी आहे. अमेरिकेत पालक हो म्हणाला तर माग काढता येतो. इथे सरकारने सूट दिलेली ठिकाणं सोडली तर पालकाच्या होकाराचाही उपयोग नाही. उल्लंघनाला दोनशे कोटी रुपयांपर्यंत दंड.

ही बंदी यूट्यूब प्रकरणावरून सुचलेली नाही. २०१८ च्या श्रीकृष्ण समितीच्या मसुद्यातच तिचं बीज आहे. मुंबई दंगलींच्या चौकशी आयोगामुळे महाराष्ट्राला परिचित असलेले तेच न्या. बी. एन. श्रीकृष्ण. १८ ची मर्यादा मुलांच्या स्वतंत्र वाढीच्या दृष्टीने जास्त वाटू शकते, हे त्यांच्या अहवालाने कबूल केलं होतं. पण कराराच्या कायद्यात सज्ञान होण्याचं वय तेच, म्हणून इथेही तेच ठेवलं. बारावीची परीक्षा दिलेला सतरा वर्षांचा मुलगा आणि माझी भाची कायद्याने एका पाटावर.

मुख्य म्हणजे आपल्या कलमात ‘प्रत्यक्ष माहीत असेल तर’ अशी पळवाट नाही. मुलाची माहिती हाताळायची तर पालकाची संमती घ्या, संपलं. वाचायला हे खणखणीत वाटतं. पण समोर मूल आहे हे कळणार कसं? त्यासाठी नियमांतली उदाहरणं बघावी लागतात. मसुदा लिहिणाऱ्यांनी तिथे पात्रं घेतली आहेत: ‘सी’ ही मुलगी, ‘पी’ ही तिची पालक, आणि ‘डीएफ’ ही माहिती घेणारी कंपनी. सीचं खातं उघडायचं आहे. पहिल्या उदाहरणाची पहिलीच पायरी अशी की सी डीएफला सांगते, मी लहान आहे. मग डीएफ पालकाला बोलावते, पी आपली ओळख देते, तिचं वय आधीच नोंदलेलं असेल तर ते तपासलं जातं, नसेल तर डिजीलॉकरसारख्या सेवेतून पडताळलं जातं. पुढची सगळी यंत्रणा नीट विचार करून रचलेली आहे. दुसऱ्या काही उदाहरणांत पालकच पुढे येऊन मुलीचं खातं उघडते. एकूण काय, सी स्वतः सांगते किंवा पी सांगते.

यूट्यूबच्या प्रकरणात सांगायची जबाबदारी कंपनीकडून चॅनेलवाल्याकडे गेली होती. इथे ती मुलीकडे किंवा तिच्या आईकडे आली आहे. नववीतल्या कुठल्या मुलाने खातं उघडताना जन्मसाल खरं टाकलं आहे, ते मला भेटून सांगावं. आणि सगळ्यांचंच वय कागदपत्रांनी तपासायचं ठरवलं, तर मुलांच्या माहितीला जपण्यासाठी मोठ्यांची जास्त माहिती गोळा करावी लागेल. बघितल्या जाणाऱ्या वस्तूवरून ठरवा, बघणाऱ्याचं वय विचारू नका, ही २०२० पासूनची यूट्यूबवाली वाट आपल्या नियमांत मला दिसली नाही.

काल ताईला हे उदाहरण वाचून दाखवलं. सी, पी, डीएफ. ती भात कालवत होती. तिने विचारलं, ‘पण हिचं खातं उघडलंय कुणी?’ फोन तिचा, खातं तिचं, क्रमांक तिचा. पी घरात होती, पण पीला कुणी काही विचारलं नव्हतं. सी वाटीला टेकवलेल्या काचेवर हळद लागलेलं बोट ठेवून बेडकाचं गाणं पुन्हा लावत होती.